तिच्यासमोर नको

आमच्या दोह्यातल्या गॅरेजात एका शेखांची लाल अमेरिकन स्पोर्ट्‌स कार आली, की आमचा रत्नागिरीचा मिस्त्री आधी साबणानं हात धुवायचा आणि मग तिला शिव्या द्यायचा. ट्रकांच्या वाट्याला यातलं काहीच येत नसे.

"दोन माणसांची गाडी! बायकोला बसवायची, नि पोरांनी काय चालत यायचं?"

वाळूत पोट टेकतं म्हणून शिवी, इंजिन तापतं म्हणून शिवी. मी तिथला कारकून. सगळी गाऱ्हाणी तो मलाच ऐकवायचा, जणू ही सून मीच पसंत करून आणली होती.

एकदा अमेरिकेहून कंपनीचं पत्र आलं. ही गाडी खपत नाही, दरवर्षी कमीच काढतो आहोत, पुढं काढूच असं नाही. मी ते त्याला मुद्दाम वाचून दाखवलं.

"घ्या चाचा, सुटलात!"

"खलास?" एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाहतो, तर चांगल्या चालत्या गाडीचं इंजिन त्यानं खोललेलं. त्याच्या सांध्यांत बसणारं एकेक पॅकिंग साबणाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून, जीभ दातांत धरून, तो पेन्सिलीनं कडेकडेनं आखत होता. उद्या पार्ट मिळाले नाहीत, तर त्या मापानं घरीच कापता यावेत म्हणून.

"अहो चाचा, पण कंपनी गाडी बंद करणार की नाही, ते अजून..."

त्यानं पेन्सिल बोटासारखी ओठांवर धरली आणि मला दंडाला धरून दाराबाहेर नेलं.

"हळू बोला वो," तो म्हणाला. "तिच्यासमोर नको."