खंडेनवमीचं होम थिएटर

आधीच सांगून ठेवतो, हसायचं न्हाई. हसलासा तर हातातला च्या तसाच ठेवून उठून जाईन. माझी फजिती कशी झाली ते मी माझ्या तोंडानं सांगतोय, पण त्यात माझी चूक किती आणि जगाची किती, ते शेवटाला तुमीच ठरवा. माझ्या मतं जगाचीच जास्त हाय.

सगळं आमच्या इवायापास्नं सुरू झालं. इवाई म्हंजे माझ्या लेकीचा सासरा. कराडकडचा गडी, फौजेतनं सुभेदार म्हणून रिटायर झाल्याला. मी हवालदार म्हणून झालो. आता मला सांगा, घरला आल्यावर हुद्दा खुंटीला टांगायचा असतोय का न्हाई? त्यो न्हाई टांगत. जेवायला बसला तरी आधी पंगतीची पाहणी करतोय, मग पाटावर बसतोय.

तर लेकीच्या लग्नात, आष्ट्याच्या कार्यालयात, मी ठरवलेला साउंडवाला ऐन मंगलाष्टकाला बसला. म्हंजे तेचं मशीन बसलं. भटजी तोंड हलवतोय, आवाज न्हाई. अक्षता कवा टाकायच्या कुणालाच कळंना. मागची माणसं एकदाच मूठभर उधळून जेवायला पळाली.

झालं. इवायाला तेवढंच पायजे व्हतं. "आमच्या पोराचं लगीन मुक्यानं झालं," हे त्यो जाईल तितं सांगाय लागला. बारशात सांगितलं, वास्तुशांतीला सांगितलं. एका दहाव्याला सुद्धा सांगितलं. दहाव्याला, बघा! माणूस गेलाय, पिंडाला कावळा शिवंना, आणि ह्यो माझ्या माईकचं काढून बसलाय. लेक गप खाली मान घालून ऐकती. मला सांगा, बापाच्या काळजाला काय वाटत आसंल?

पण एक गोष्ट देवानं राखली व्हती. लग्नाची शूटिंग करणाऱ्या पोरानं भटजीच्या उपरण्याला स्वतःचा बारका माईक अडकवला व्हता. त्यामुळं शूटिंगमधी मंगलाष्टकं आली ती एकदम खणखणीत. नुसत्या टीव्हीवर लावली की मात्र डबड्यात खडे हलवल्यागत आवाज यायचा. म्हणून मी होम थिएटर घेतलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी इवाई, इहीन, लेक, जावई असे सगळे जेवायला येणार व्हते. जेवणं झाली की सगळ्यास्नी बसवायचं, आणि पाची बाजूंनी मंगलाष्टकं सोडायची. म्हणायचं, ऐका सुभेदार, मुकं लगीन.

सांगलीच्या राजूशेठच्या दुकानातनं माल आणला. राजूशेठ स्वतः येऊन जोडून गेला. मधी एक काळा डबा, ॲम्प्लिफायर. सगळा कारभार तेचा. टीव्हीचा आवाज त्यो घेणार आणि पाच स्पीकरास्नी वाटून देणार, टीव्हीचा सवताचा आवाज बंद. शिवाय खाली कोपऱ्यात सबवूफर. तेला बोलता येत न्हाई, नुसतं हादरवता येतंय. घरात असा एकतरी असतोयच.

जाताना राजूशेठ सांगाय लागला, काका, डब्याच्या मागं हवा खेळती ठेवा, कोरड्या फडक्यानं पुसा, वर काही ठेवू नका. मला आला राग. मी फौजेत वायरलेस सेट सांभाळल्यात. बर्फात सांभाळल्यात, वाळूत सांभाळल्यात. माझ्या हातातला सेट कवा मुका झाला न्हाई. आणि ह्यो मला फडकं शिकवतोय! तेला म्हणलं, शेठ, मेंटेनन्सचं तुमी मला सांगू नका.

आमच्या मंडळीला बी ताकीद दिली. म्हणलं ह्याला तुमी कुणी हात लावायचा न्हाई, पुसायचं-झाडायचं ते मीच. ती म्हणाली, "लावतंय कोण? माझ्या दोन फडताळाची जागा खाल्लीय त्या मेल्यानं."

मग आली खंडेनवमी. आता तुमास्नी ठावं हाय, खंडेनवमीला आमच्यात हत्यारं पुजत्यात. धुवायची, पुसायची, हळदीकुंकू लावायचं, आणि त्या दिवशी तेंच्याकडनं काम घ्यायचं न्हाई. बिचारी वर्सभर राबत्यात, एक दिवस इसावा. फौजेत तर आमची ही पूजा लय दणक्यात व्हायची. तवापास्नं माझा नेम हाय, घरातलं एक हत्यार चुकवायचं न्हाई. ट्रॅक्टर पुजला, कोयतं पुजलं, मोटरीचा स्टार्टर पुजला, मंडळीचा मिक्सर पुजला. शेवटी आलो होम थिएटरपाशी.

तेचं बटण बंद केलं, वायर काढली, म्हणलं झोप लेका. आणि पूजा केली ती अशी तशी न्हाई. हळद आमच्या रानातली, घरी दळल्याली. पाण्यात कालवून चांगली घट्ट केली. पाची स्पीकरास्नी बोट. सबवूफरला बोट. टीव्हीला वरच्या कडंला बोट. आणि डब्याच्या तोंडावर मधोमध, बोट टेकंल एवढी एक काळी गोल काच व्हती. म्हणलं, बनवणाऱ्यानं सुदीक जागा सोडलीया, शाना माणूस. तितं दाबून हळद, तेच्यावर कुंकू, तेच्यावर अक्षता. झेंडूचा हार घातला. आसा देखणा दिसाय लागला, मी फोटो काढून जावयाला पाठवला.

दसऱ्या दिवशी सकाळी हार काढला, वायर लावली, बटण दाबलं. तर पाची बाजूंनी नुसती खरखर. आता ह्या डब्याची एक खोड हाय. वायर काढून परत लावली की त्यो आपला रेडिओवर येऊन बसतोय. तेला परत टीव्हीवर न्यायचा तर रिमोटनंच न्यायला लागतोय, डब्याला बटणंच न्हाईत. चालू-बंदचं एक आणि आवाजाची एक गोल चकती. मी रिमोट दाबला, डबा ढिम्म. परत दाबला, तरी खरखर.

सेल बदललं. दुसऱ्या कंपनीचं घालून बघितलं. टीव्हीच्या रिमोटमधलं काढून हितं घातलं. बसून दाबला, उभं राहून दाबला, दारातनं दाबला, खिडकीबाहेर जाऊन गजातनं हात घालून दाबला. शेजारचा म्हणाला, आण्णा, किल्ली हरवली काय?

तिडीक गेली डोक्यात. एका महिन्यात माल खराब? डबा गोणपाटात बांधला, गाडीला लावला आणि थेट सांगली गाठली. राजूशेठच्या गिऱ्हाइकांसमोर म्हणलं, फौजी माणसाला फसवता व्हय? त्यो बिचारा, काका बसा, काका पाणी घ्या. तोवर दुकानातल्या माणसानं डबा टेबलावर घेतला आणि ओल्या फडक्यानं खसाखसा पुसला. माझी पूजा पुसली! ना इचारणं, ना पुसणं. आवं, दसऱ्याचा दिवस हाय, देवाला लावल्यालं कुंकू हाय, काय जनाची न्हाई तर मनाची?

त्यावरनं मी अजून बोललो. लय बोललो.

आणि मग राजूशेठनं रिमोट दाबला, डबा चालू. रेडिओवरनं टीव्हीवर, टीव्हीवरनं मोबाइलवर, पोपटागत बोलतोय. म्हणाला, काका, यात काहीच दोष नाही. मी म्हणलं, असं कसं न्हाई? मी आलोय म्हटल्यावर तुमी गुपचूप काहीतरी सारखं केलंसा. चोर सापडला की माल परत ठेवतोय, तसं. तरी डबा घेतला आणि घरी आलो.

आता नीट ऐका. दुकानात माझी पूजा पुसल्याली. अर्धवट पूजा घरात ठेवायची न्हाई, असं आमची आई सांगायची. म्हणून मी डबा जागेवर बसवला आणि पुन्हा हळदीकुंकू लावलं. पहिल्यापेक्षा घट्ट. तितंच, मधोमध. मग रिमोट दाबला.

खरखर.

मी खालीच बसलो. म्हणलं, म्हंजे डबा चांगला हाय, घरातच काहीतरी हाय. मंडळीचा मिक्सर बंद केला, फ्रिज बंद केला, पंखं बंद केलं, ती घामाघूम झाली. रविवार उजाडला तरी खरखर थांबंना. तिकडं इवायाची गाडी कराडास्नं निघाल्याली. शेवटी मान खाली घालून राजूशेठला फोन लावला. त्यो भला माणूस, म्हणाला, "काका, रिमोटच्या वाटेत काही आडवं येतंय का बघा."

"शेठ, मैदान साफ हाय," मी म्हणलं.

पण फोन ठेवल्यावर इचार केला, एवढं म्हणतोय तर काढू आडवं. टीपॉय बाहेर काढला. मग सोफा काढला. मग मंडळीचं शोकेस, कपबश्यांसकट. ती म्हणाली, "आता मला बी काढा बाहेर." दिवाणखाना असा केला की तितं परेड घेता आली आसती. डबा समोर, मी समोर, मधी एक माशी न्हाई. दाबला रिमोट.

खरखर.

रागाच्या भरात मी ती आवाजाची चकती फिरवली ती पार शेवटपर्यंत. म्हणलं खरखरच करायची हाय तर कर लेका, मोठ्यानं कर. खिडकीची तावदानं वाजाय लागली, तसं मंडळीनं भिंतीवरचं खालचं बटणच बंद केलं. चकती तशीच राहिली.

तेवढ्यात दारात गाडी.

सुभेदार उतरलं. अंगणात सोफा, सोफ्यावर शोकेसमधल्या भावल्या, टीपॉयवर कोंबडी. एकवार सगळी पाहणी केली आणि म्हणालं, "पाव्हणं, घर इकलं काय?"

लेक माझ्याकडं बघाय लागली. मी कसंबसं हसलो. जेवणं झाली, पुरणपोळी झाली. सतरंजीवर सगळी ओळीनं बसली, कारण सोफा बाहेर. जावई म्हणाला, मामा, लग्नाची शूटिंग दाखवणार होता नव्हं? टीव्हीवर चित्र लावलं. भटजी तोंड हलवतोय, आवाज न्हाई. अगदी कार्यालयातल्यागत! इवाई गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "व्हय, आमाला आठवतंय. असंच झाल्यालं."

लेकीचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं जमीन दुभंगावी. म्हणलं, सुभेदार, दुकानदार चोर हाय, ह्या डब्यातच खोट हाय, रिमोटचं ऐकतच न्हाई. मी सगळं केलं, मेंटेनन्समधी एक गोष्ट सोडली न्हाई.

इवाई उठला. रिमोट घेतला न्हाई. डब्याम्होरं उकिडवा बसला, खिशातनं चष्मा काढला, तोंड डब्याला लावून बघितलं. लय वेळ बघितलं. मग माझ्याकडं वळून इचारलं, "ही पूजा कुणी केली?"

मी छाती काढून सांगितलं, "मीच. आणि पुसली तर परत केली."

इवायानं मंडळीकडनं थेंबभर गोडंतेल मागितलं. रुमालाच्या टोकाला लावलं आणि ती काळी काच हळूच पुसली. आमच्या रानातली हळद ती, सुटतीय व्हय? घासून घासून काढली. मग खालचं बटण लावलं, आणि तितनंच, बसल्या जागेवरनं रिमोट दाबला.

आणि चकती कुटं व्हती, आठवतंय ना तुमास्नी?

"शुभमंगल सावधान" असं काय कडाडलं! पाची बाजूंनी भटजी, खाली सबवूफर. मांडणीवरची भांडी खाली आली, कोंबडी टीपॉयवरनं उडाली, इहीन दचकून तांदूळ शोधाय लागली. गल्लीतली माणसं धावत आली, म्हणली, आण्णा, दुसरं लगीन काढलंसा का काय घरात? लेक मात्र हसाय लागली, लग्नापास्नं तशी हसली नव्हती. मला वाटलं, झालं आपलं काम. म्हणलं, ऐका सुभेदार, मुकं लगीन!

इवायानं चकती मागं फिरवली, चष्मा खिशात घातला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "पाव्हणं, कुंकू कपाळाला लावायचं असतंय. तुमी त्येच्या डोळ्याला लावलंसा. रिमोटचं त्येनं बघायचं कुटनं?"

आता मला सांगा, कंपनीनं तितं डोळा हाय म्हणून लिहायला नको का? पुस्तकात लिहिलंय म्हणं. पुस्तक कोण वाचतंय?

राजूशेठकडं जाऊन आलो. पेढं घेऊन गेलो, तर तेनं एक कोरडं फडकं माझ्या हातात दिलं.

पण एक सांगतो, ज्या कामाला होम थिएटर घेतलं ते काम झालं. "लगीन मुक्यानं झालं" हे इवायानं त्या दिवसापास्नं एकदा बी काढलं न्हाई. बारशात न्हाई, वास्तुशांतीला न्हाई. परवा माधवनगरला एका दहाव्याला गेल्तो, तितं सुदीक न्हाई.

तितं त्यानं ही गोष्ट सांगितली. लांबनंच बघितलं मी, कावळा बी पिंड सोडून ऐकत बसला व्हता.