फौजदारीणबाईंचा सत्कार

ती शाल आजही डोळ्यांपुढून हलत नाही. बोरीजवळच्या एका गावात फौजदार म्हणून निवड झालेल्या तेवीस वर्षांच्या मुलीचा सत्कार होता. ठाणेदार या नात्याने ती शाल मीच तिच्या खांद्यावर घातली, वर पाऊण तास भाषण ठोकलं. पासपोर्टच्या पडताळणीला चार कागद मागणारी मी, चौकातला तिच्या वर्दीतल्या फोटोचा फ्लेक्स बघूनच भाळले! नातवंडांना हे सांगते तेव्हा ती लोळून हसतात.

आठवड्याने फौजदाराच्या परीक्षेला बसलेल्या एका उमेदवाराचा फोन आला. "मॅडम, निवड यादी बघितली का? तिचं नावच न्हाई."

यादी मागवली. खरंच नव्हतं. माझा पारा चढला. अब्रू तिच्याआधी माझी गेली होती ना! चौकशीसाठी बाईमाणसाला ठाण्यात बोलवत नाहीत, म्हणून महिला शिपाई घेऊन साध्या कपड्यांत तिच्या घरी गेले.

"वर्दी घालून कुणाकुणाला दम दिलास?"

तिच्या आईने ट्रंकेतून वर्दी काढली. कडक इस्त्री, चकचकीत बूट. सवयीने मी बूट उलटे केले. तळव्यांना मातीचा कण नव्हता. वर्दी घराबाहेर पडलीच नव्हती. माझा आवाज खाली आला.

"मग घालतीस कवा?"

"दार लावून. आरशापुढं. फोटोबी तिथंच काढलेला." तिला रडू फुटलं. "पाचवीपासून समदे फौजदारीणबाईच म्हणतेत. तीनदा नापास झाले. खरं सांगितलं आसतं तर मी कोण ऱ्हायले आसते? लय दिस झोप न्हाई, मॅडम. जगू वाटंना."

आई म्हणाली, "आगं, माझी लेक ऱ्हायली आसतीस की!"

कुणाची पैशांची फसवणूक नव्हती, तक्रार नव्हती. वरिष्ठांना विचारून समज दिली, स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्याच दुपारी तिला परभणीला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. ते म्हणाले, "या वयात माणूस अजून घडत असतो. गावानं आधीच नाव ठरवून टाकलं, की ते निसटताना पोरगी स्वतःच निसटते." औषधं आणि बोलणं बरेच महिने चाललं. फ्लेक्स तिनेच उतरवला. आईने तो शेळ्यांच्या छपरावर घातला.

आयुष्यभर मी समोरच्याला नाव काय, काम काय, एवढंच विचारत आले. त्यानंतर तरुण पोर समोर बसलं की आधी विचारायची, "झोप लागते का रे?"

वर्षभराने ती माझ्या दारात उभी. चेहरा झोप झालेल्या माणसाचा. हातात ती शाल.

"मॅडम, ही फौजदारीणबाईची, ठिवा तुमच्यापाशी. मी आता गावातल्या पोरींना पळायला शिकवायलेय. माझा सत्कार करायचा आसंल तर सकाळी मैदानावर या. भाषण नको, शिट्टी तेवढी आणा."