न गोठलेली रात्र

ऐंशीच्या दशकात मी अमेरिकन आर्मीत सार्जंट होतो. पोस्टिंग वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड डोंगरांच्या पायथ्याशी. सांगलीहून शिकायला गेलेला पोरगा तिकडची वर्दी चढवतो म्हटल्यावर वडिलांनी कपाळाला हात लावला होता.

एप्रिलमध्ये आम्ही चौघं सरावासाठी वर गेलो. बर्फाचा मोठा उतार ओलांडून पलीकडे पोहोचायचं होतं. नियम साधा: रात्री बर्फ गोठतो, पहाटे तो कडक असतानाच ओलांडायचं. त्या रात्री ढग होते, गोठलंच नाही. सकाळी आभाळ स्वच्छ आणि ऊन कसं गोड! मी पाय टाकला, तर बूट घोट्याच्या वर रुतला. गोगलगाय अन् पोटात पाय, असला तो बर्फ. मला तो मुळीच आवडला नाही.

मी रेडिओवरून खाली तळावरच्या लेफ्टनंटला गाठलं. "लेफ्टनंट, बर्फ रात्रभरात गोठलेला नाही. आज ओलांडत नाही. ओव्हर."

"इथून तर ठीक दिसतंय. खात्री आहे? ओव्हर."

"खात्री नाही, सर. संशय आहे. ओव्हर."

रेडिओ खरखरला. मग, "ठीक आहे. थांबा. आउट."

कॉर्पोरल हेस हसला. टेक्ससचा गडी, थंडीला वैतागलेला. "सार्जंट, तुम्ही बायकोच्या चहावरही संशय घेत असाल!"

"घेतो," मी म्हटलं.

आम्ही जुन्या, दाट झाडीत थांबलो. तिथे सावली होती आणि गारठाही. उताराच्या कडेला एक उघडा काळा खडक होता, कोरडा, तापलेला. मी नको नको म्हणत असताना हेस ओले मोजे घेऊन तिकडे गेला. "उतारावर कुठे जातोय? कडेलाच तर आहे!" पण तापलेल्या खडकाभोवतीचाच बर्फ आधी सुटतो. थोड्याच वेळात वरून लाडवाएवढे बर्फाचे गोळे आपोआप घरंगळायला लागले. वरचा उतार सुटायला लागल्याची ती खूण.

"हेस, इकडे ये! आत्ता!"

"दोन मिनिटं, सार्जंट. पाय आत्ता कुठे शेकतायत."

ओला बर्फ कालवलेल्या सिमेंटसारखा सरकत आला. हेस उठला, अनवाणीच पळाला, आणि दिसेनासा झाला. आम्ही फावड्यांनी खणलं, हातांनी खणलं. थांबलेला बर्फ इतका घट्ट बसतो की फावडं उडतं. सापडला तेव्हा श्वास नव्हता. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी ढसाढसा रडलो. रेडिओवर दुसरा कुणीतरी बोलला.

आता मी वॉशिंग्टन राज्यातच, बॉथेल गावात असतो. इथली आपली मराठी मंडळी वसंतात डोंगरात पिकनिकला निघाली, की मी विचारतो, "रात्री वर गोठलं होतं का?" नसेल, बूट रुतत असतील, गोळे घरंगळत असतील, तर उतारावर जाऊ नका, त्याच्या खाली डबे उघडून बसूही नका. "काका, किती शंका!" म्हणतात. म्हणू देत.

हेसच्या अंत्यविधीला मी टेक्ससला गेलो होतो. त्याच्या वडिलांनी माझा हात धरला, बराच वेळ सोडलाच नाही. मग विचारलं, "त्याला खूप थंडी वाजत होती का?"

"नाही, सर," मी म्हटलं. "तो उन्हात बसला होता."