पहिल्या वाक्याची वाचक

बायको "कळलं" म्हणाली आणि अटवाल्यांना आभाळ ठेंगणं झालं. खरं तर त्या दिवशी त्यांनी घाबरायला हवं होतं. पण माणूस दुसऱ्याच्या गणितात कितीही बारीक बघत असला, तरी स्वतःची स्तुती ऐकताना चष्मा काढून ठेवतो.

अटवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पुलांचे आराखडे तपासणाऱ्या कार्यालयात त्यांनी छत्तीस वर्षं काढली आणि कोणाचाही कागद हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला, "अट कुठे लिहिलीये?" हे सूत्र किती वजनापर्यंत चालतं, कुठल्या उताराला चालत नाही, हे लिहिलेलं नसेल तर कागद परत. नवे अभियंते त्यांना येताना पाहिलं की दुसऱ्या जिन्यानं जायचे. हे नाव त्या अभियंत्यांनीच पाडलं. निवृत्तीनंतर अट विचारायला कुणी उरलं नाही, तेव्हा अटवाले इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात शिरले. ज्याला जे येतं ते त्यानं लिहावं आणि दुसऱ्यानं दुरुस्त करावं, असा तिथला कारभार. गणिताचे लेख उघडून बघितले आणि त्यांचं डोकंच फिरलं. निम्मे विषय नव्हतेच, आणि जे होते त्यांत अटींचा पत्ता नव्हता. त्याच दिवशी त्यांनी जेवणाचं टेबल अडवलं, ते कायमचं.

ज्ञानकोशाचा एक नियम मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. लेखाचं पहिलं वाक्य गणित न शिकलेल्या माणसालाही कळलं पाहिजे, असा तो नियम. असा माणूस आणायचा कुठून? तो घरातच होता, खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसलेला. आख्खी गल्ली त्यांच्या बायकोला शिवणकाकू म्हणे. काकूंचं शिक्षण आठवीपर्यंतचं आणि जीभ कात्रीइतकी धारदार. अटवाले पहिलं वाक्य मोठ्यानं वाचायचे. काकू यंत्राचं पायडल थांबवायच्या, ऐकायच्या आणि म्हणायच्या, "नाही कळलं." मग पुन्हा पायडल.

एकेका वाक्याचे आठ-आठ, दहा-दहा खर्डे व्हायचे. 'वक्रता' या लेखाला तर अकरा दिवस लागले. अटवाल्यांनी पृष्ठभाग, स्पर्शप्रतल, त्रिज्या असं काय काय सांगून पाहिलं. शेवटी काकू वैतागल्या.

"एवढंच ना? सपाट कापड खांद्यावर ठेवलं तर चुणी पडल्याशिवाय बसत नाही. म्हणून तर कापड चिमटून टक्स घालावे लागतात. मग सरळ तसं लिहा की. हे स्पर्श-बिर्श कशाला?"

तेच वाक्य अटवाल्यांनी लेखाच्या डोक्यावर घातलं, सूत्रं खाली ढकलली. तो लेख ज्ञानकोशानं महिनाभर पहिल्या पानावर मिरवला. अटवाल्यांनी ते काकूंना चार वेळा दाखवलं. काकू म्हणाल्या, "बरं बरं. आता टेबलावरचे कागद उचला, वाढायचंय."

अशी सहा वर्षं गेली आणि गेल्या वर्षी एका सकाळी काकू पहिल्याच खर्ड्याला "कळलं" म्हणाल्या. अटवाल्यांनी खात्री करून घेतली. "पूर्ण कळलं?" "हो, कळलं की." दुसऱ्या लेखालाही तसंच. तिसऱ्यालाही. अटवाल्यांना वाटलं, आपल्याला अखेर हात बसला. अकरा दिवसांचं काम आता एका दुपारी व्हायला लागलं. वर्षात त्यांनी चाळीस लेख पाडले, आणि विषय एकाहून एक अवघड. कागद वाचायचा, "कळलं" ऐकायचं, लेख चढवायचा. यंत्राचं पायडल आता मध्ये थांबतही नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. चुकीचा दशांश वीस पावलांवरून ओळखणारा हा माणूस! पण बायकोकडे त्यानं किती दिवसांत मान वर करून पाहिलं नव्हतं, ते विचारायची सोय नाही.

शेजारच्या नर्सबाई एकदा पिशवी घेऊन आल्या. काकू अंघोळीला गेल्या होत्या. नर्सबाईंनी पिशवीतून काकूंनी शिवलेला स्वतःचा नवा कुडता काढला आणि टेबलावर पसरला. दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

"काका, कपडा गेला म्हणून नाही आले मी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काकूंना एकदा डॉक्टरांना दाखवून आणा."

"घाईत होतं असं कधी कधी," अटवाले म्हणाले. त्यांनी कुडता घडी करून कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि परत कागदात डोकं घातलं. काकूंना त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि तेच त्यांना नको होतं.

मग ज्ञानकोशात 'खोडरबर' उपटली. खोडरबर हे कुणा शाळेतल्या गणिताच्या बाईंनी घेतलेलं टोपणनाव. बाईंनी अटवाल्यांच्या 'सघन अवकाश' या लेखाच्या माथ्यावर पिवळी पट्टी लावली, 'हा लेख सामान्य वाचकाला कळण्यासारखा नाही.' अटवाल्यांचा पारा चढला. त्यांनी पट्टी काढली. बाईंनी परत लावली. अटवाल्यांनी परत काढली आणि लेखाच्या चर्चापानावर ठणकावून लिहिलं, "पहिलं वाक्य माझ्या घरच्या वाचकानं तपासलं आहे. त्यांचं शिक्षण आठवीपर्यंत आहे. त्यांना ते पूर्ण कळलं."

तासाभरात उत्तर आलं. "काका, वाक्य असं आहे: 'ज्याच्या प्रत्येक विवृत आच्छादनाला सांत उपआच्छादन असते असा संस्थितीय अवकाश.' मी बावीस वर्षं गणित शिकवते. हे आठवीपर्यंत शिकलेल्या कुणालाही कळणार नाही. तुमचा 'वक्रता' मी दर वर्षी वर्गात वाचून दाखवते. खांदा आणि कापड ऐकून मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात. मग गेल्या वर्षभरात काय झालं? जुने लेख लिहिणारं कुणी दुसरंच होतं का?"

अटवाल्यांनी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं. दुसऱ्यांदा वाचताना ते शेवटच्या प्रश्नापाशी अडले. 'कुणी दुसरंच होतं का' हे विचारणाऱ्या बाईंना ठाऊक नव्हतं की त्यांनी नेमकं बोट ठेवलंय.

त्यांनी कोरा कागद घेतला, त्यावर एक वाक्य लिहिलं आणि खिडकीपाशी गेले. दुपारचे चार वाजत होते. काकू यंत्रावर बसल्या होत्या. पायडल चालू होतं. कितीतरी दिवसांनी अटवाल्यांनी सुईखाली पाहिलं. खालची दोऱ्याची बॉबिन रिकामी होती आणि सुईतही दोरा नव्हता. कापडाला नुसती भोकं पडत होती आणि ते पुढे सरकत होतं.

"अगं, एक वाक्य वाचतो. सांग हं."

"वाचा ना."

त्यांनी वाचलं, "सपाट कापड खांद्यावर किंवा चेंडूवर एकही चुणी न पडता नीट बसवता येतं."

आता ही ओरडेल, असं त्यांना वाटत होतं. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोच्या ओरड्याची अशी वाट कधी पाहिली नव्हती. कात्री आपटेल, 'अहो, अक्कल गहाण टाकलीत का' म्हणेल, टक्स कशाला घालतात ते पहिल्यापासून सांगेल.

"कळलं," काकू म्हणाल्या. "छान लिहिलंय."

अटवाल्यांनी स्टूल ओढलं आणि खाली बसले.

"ते चुकीचं आहे गं. मुद्दाम चुकीचं लिहिलंय. खांद्याचं तूच सांगितलं होतंस ना मला?"

पायडल थांबलं. काकू कापडाकडे बघत राहिल्या. भोकांच्या त्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवलं.

"ओरडू नका हो."

"ओरडत नाहीये मी."

"नाही कळलं म्हटलं की तुम्ही परत वाचता," काकू म्हणाल्या. "परत वाचलं की मला पहिलं वाचलेलंही राहत नाही डोक्यात. मग फार भीती वाटते. कळलं म्हटलं की तुम्ही खूश होता. आणि विचारायचं थांबता."

"कधीपासून होतंय असं?"

"तेच तर आठवत नाही," काकू म्हणाल्या. हे बोलून त्यांना स्वतःलाच किंचित हसू आलं, आणि त्या हसण्यानं अटवाल्यांना रडू फुटलं. छत्तीस वर्षांत कार्यालयात कुणी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. चाळीस लेख! चाळीस वेळा ही बाई एकटी घाबरली होती आणि आपण समोर बसून तिच्याकडून शाबासकी घेत होतो. लोकांच्या सूत्रांतल्या न लिहिलेल्या अटी हुडकणाऱ्याला घरातलं एवढं दिसू नये, याची त्यांना शिसारी आली. काकूंनी पदरानं त्यांचा चष्मा पुसून दिला. तेवढं मात्र त्यांच्या हातांना अजून अचूक येत होतं.

अटवाल्यांनी आधी डॉक्टरांना फोन केला. मग ज्ञानकोशात जाऊन पिवळी पट्टी स्वतःच्या हातानं परत लावली, त्या एका लेखावर नव्हे, चाळीसही लेखांवर. चर्चापानावर लिहिलं, "बाई, तुमचं बरोबर आहे. माझ्या वाचकाला काही कळलेलं नव्हतं आणि ते मला कळलं नाही. जुने लेख लिहिणारं खरंच दुसरं कुणी होतं. खांद्याचं वाक्य त्यांचं आहे. आता ते वर्गात वाचाल तेव्हा मुलांना तसं सांगा." त्यांच्या नेहमीच्या उत्तरांत क्रमांक टाकलेले मुद्दे असत. या उत्तरात एकही नव्हता.

मग ते परत स्टुलावर येऊन बसले. काकूंनी रिकामी बॉबिन काढली होती आणि ती कुठल्या बाजूनं घालायची ते शोधत होत्या. अटवाल्यांनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली नाही.

"अगं, इकडे बघ. उद्या सकाळी नऊ वाजता आपल्याला डॉक्टरांकडे जायचंय. ते तुला काही प्रश्न विचारतील, काही तपासण्या करतील. मी पूर्ण वेळ तुझ्या शेजारी असेन."

"कळलं," काकू सवयीनं म्हणाल्या.

अटवाले खूश झाले नाहीत. नुसते तिच्याकडे बघत बसले. काकूंनी बॉबिन टेबलावर ठेवली, त्यांच्या चेहऱ्याचा अंदाज घेतला आणि श्वास सोडला.

"नाही कळलं," त्या म्हणाल्या. "परत सांगा."

"उद्या," अटवाले म्हणाले आणि काकूंची मान हलेपर्यंत थांबले. "उद्या आपण दोघं बाहेर जायचं."