दुधाच्या पिकअपचा टर्बो

गाडी मी चालवायची, हे दादाने कांद्याच्या काट्यावर ठरवलं. कामथडीला हायवेच्या सर्व्हिस रोडवर त्याचं गॅरेज आहे आणि शेजारी एका व्यापाऱ्याची वखार. तिथल्या काट्यावर तो स्वतः उभा राहिला तेव्हा ब्याण्णव आले, मला उभं केलं तेव्हा सत्तेचाळीस. तो आकड्याकडे बघत म्हणाला, "पंचेचाळीस किलो फुकटात कमी झालं बघ. तूच बसायचं."

मी हसले. पण त्याच क्षणी भीती वाटली, ती पुढचे पाच महिने काही गेली नाही.

दादाला ड्रॅगची गाडी करायची होती. सरळ रस्ता, चारशे मीटर, दोन गाड्या शेजारी शेजारी, आणि आधी पोचेल तो जिंकला, एवढाच तो खेळ. दोन जिल्हे पलीकडे एका बंद पडलेल्या धावपट्टीवर वर्षातून एकदा या शर्यती होतात. लोक तिथं भारी गाड्या आणतात. आमच्याकडे होती एक वीस वर्षांची छोटी पेट्रोल गाडी. तिचा मालक ती दुरुस्तीला टाकून गेला होता आणि शेवटी म्हणाला, तुम्हीच ठेवा. टर्बो आला वेल्ह्याहून. तिकडे दूध गोळा करणारी एक पिकअप ओढ्यात पडली होती. दादाने दिवसभर खपून ती वर काढली आणि ओढण्याच्या मजुरीऐवजी तिचा टर्बो मागून घेतला. घरी आणला तेव्हा त्याच्या तोंडात वाळू होती आणि एक वाळलेला खेकडा.

टर्बो म्हणजे इंजिनाच्या तापलेल्या धुरावर फिरणारा पंखा. तो फिरला की इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. आणि जास्त उष्णता. लोखंड निखाऱ्यासारखं लाल होतं. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं, कारण मी भोरच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये सहाय्यक आहे. म्हणूनच दादाने माझ्यावर दुसरं कामही टाकलं होतं. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते आता एक जुनी, कुणाकडून तरी घेतलेली कंट्रोलची पेटी ठरवणार होती, आणि त्या पेटीत आकडे भरायचे होते मी. पाना त्याचा, लॅपटॉप माझा.

खरी भीती इथून सुरू झाली. एक आकडा कमी पडला तर पेट्रोल कमी पडणार, आणि दट्ट्याला, म्हणजे पिस्टनला, वितळून भोक पडणार. दुसरं इंजिन घ्यायची आमची ऐपत नव्हती. जे होतं ते दादाने कुठून कुठून जमवलं होतं. हवा थंड करायची जाळी एका मोडीत निघालेल्या डिझेल गाडीची. धुराचा पाईप त्याने जाड लोखंडी नळीचे वाकडे तुकडे कापून, एकाला एक वेल्डिंग करून बनवला होता. आतला पिंजरा, म्हणजे गाडी उलटली तर मला वाचवणाऱ्या नळ्या, तेवढा मात्र त्याने नव्या पाईपचा केला. तिथं काटकसर केली नाही. भोरहून एसटीने परत येताना मी मांडीवर लॅपटॉप उघडून तेच तेच तक्ते बघायची. शेजारच्या बाईने एकदा विचारलं, "पेपर तपासताय व्हय?" मी व्हय म्हणाले.

आईला आम्ही सांगितलं होतं की गाडी गिऱ्हाइकाची आहे.

चाचणीसाठी जागा सारोळ्याजवळ मिळाली. एका माळावर कुणीतरी प्लॉट पाडले होते. मधून सरळ सिमेंटचा रस्ता केला होता, दोन्ही बाजूंना नंबर लिहिलेले दगड, आणि एकही घर नाही. मालक दादाचं जुनं गिऱ्हाईक. रविवारी सकाळी वापरा म्हणाला, कुणाला लागलं तर माझं नाव सांगू नका.

पहिल्या दोन फेऱ्या मी अर्ध्या दमाने मारल्या. तिसऱ्या फेरीला दादा खिडकीशी वाकला. "आता दाब. दुसऱ्या गिअरला सोडू नको."

मी दाबलं. दुसऱ्या गिअरला टर्बोची शीळ चढली. ती इतकी बारीक आणि इतकी उंच होती की दातांत जाणवत होती. पाठ सीटला चिकटली. प्लॉटचे दगड वेगळे वेगळे दिसायचे बंद झाले. मी घाबरून पाय काढला, ब्रेक मारला, गाडी रस्त्याच्या शेवटाशी थांबली. तेव्हा बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर आला. मला वाटलं पाणी उकळलं. मग धूर काळा झाला आणि फटीत केशरी काहीतरी हललं.

मी इंजिनाला पेट्रोल देणाऱ्या पंपाचं बटण बंद केलं. एवढं सुचलं. मग पट्ट्याच्या बकलावर हात मारला आणि ते उघडलं नाही.

चार पट्टे खांद्यांवरून आणि कमरेवरून येऊन पोटावर एका बकलात अडकतात. पट्टे जुनेच घेतले होते. मी दाबलं, परत दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. हातमोजे घसरत होते म्हणून ते दातांनी ओढून काढले. पायाशी डॅशबोर्डच्या खालून धूर येऊ लागला. मी ओरडले का, मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मी स्वतःशी आकडे म्हणत होते. पेट्रोलच्या तक्त्यातले. का, ते आजही सांगता येत नाही.

रस्त्याच्या कडेला एक बाई गवत कापत होती. दादा तिकडून तीनशे मीटर धावत येत होता, पण ती आधी पोचली. तिने दार उघडलं, मला धरून ओढलं, मी हलले नाही. "बाई गं, ही बांधल्याली हाय!" ती म्हणाली, आणि तिने विळा पट्ट्याखाली घातला.

"मान मागं घे. हलू नको."

विळ्याचं पातं माझ्या गळ्याजवळून फिरलं. एक पट्टा, दुसरा, मग कमरेचे. तिने मला काखेत हात घालून बाहेर ओढलं आणि आम्ही दोघी नंबर घातलेल्या एका दगडावर आपटलो. तोवर दादा पोचला होता आणि आग विझवायचा डबा फवारत होता. सगळं मिळून दीड मिनिट झालं असेल.

तेलाची नळी होती ती. टर्बोला तेल पुरवणारी. चांगली जाळीची नळी महाग म्हणून साधी रबरी घातली होती, वर कापड गुंडाळून. ती गरम लोखंडाला टेकली, वितळली, आणि तेल उडालं. माझ्या आकड्यांची चूक नव्हती. हे कळल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

त्या बाईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, विळा पदराला पुसला. दादाने तिला हात जोडले. ती त्याला म्हणाली, "बहीण हाय न्हवं तुजी? मग?" आणि गवताचा भारा उचलून निघून गेली.

घरी आईने माझ्या मनगटावरचा फोड बघितला. मी म्हणाले, लॅबमध्ये बर्नर लागला. तिने कोरफड लावली.

दादाने दुसऱ्या दिवशी टर्बो काढायला घेतला. "झालं तेवढं लई झालं," तो म्हणाला. "इकून टाकू." मी कॉलेजातून आले तेव्हा तो नट सोडवत होता. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण रोज स्वप्नात मी त्या सीटवर बांधलेली असायची, आणि मला वाटायचं, गाडी विकली तरी मी तिथंच बसून राहणार आहे.

"तेलाला तांब्याची नळी घाल," मी म्हणाले. "पुढून वळवून. आणि पट्टे नवे आण. मी रोज दहा वेळा सोडून बघणार, डोळे मिटून."

"भ्या नाही वाटत?"

"वाटतंय."

त्याने पाना खाली ठेवला नाही, पण फिरवायचा थांबला.

पट्टे नवे आले. त्यासाठी दादाने स्वतःची मोटरसायकल गहाण ठेवली आणि महिनाभर गॅरेजला पायी आला. मी रोज संध्याकाळी गॅरेजात बसून, डोळे मिटून, बकल सोडून दार उघडून बाहेर यायची. आधी नऊ सेकंद, मग सहा, मग चार. भीती कमी झाली नाही. हातांना फक्त वाट माहीत झाली.

धावपट्टीवर आम्ही टेम्पोत गाडी घालून नेली. तिथल्या गाड्या बघून मला परत जावंसं वाटलं. आमच्या गाडीच्या एका दाराचा रंग वेगळा होता. प्रत्येकाला दोन फेऱ्या होत्या, आणि त्यातल्या कमी वेळेवर नंबर. पहिल्या फेरीला हिरवा दिवा लागला, मी सुटले, शीळ चढली, आणि तिसऱ्या गिअरला मला जळक्या रबराचा वास आला. तो शेजारच्या गाडीच्या टायरचा होता. पण माझा पाय आपोआप उठला. सोळा सेकंद.

दुसऱ्या फेरीआधी दादाने बॉनेट उघडून हात लावून सगळं बघितलं. मला म्हणाला, "नको वाटलं तर सांग. हितनंच माघारी जाऊ." मी काच वर केली, कारण आणखी बोलले असते तर उतरले असते.

यावेळी वास आला तरी मी पाय काढला नाही. डोळ्यांच्या कडेला काही उरलं नव्हतं. समोर फक्त दोन पांढऱ्या रेघा, आणि त्या जिथं मिळतात तिथली जागा जवळ येत नव्हती, मग एकदम आली. तेरा पूर्णांक आठ. आमच्या गटात पाचवा नंबर. बक्षीस तिघांनाच होतं.

मी गाडी कडेला घेतली, बकल सोडलं, उतरले आणि जमिनीवर बसले. दादा येईल म्हणून वाट बघत होते. तो बऱ्याच वेळाने आला, सावकाश चालत.

"किती आलं?" त्याने विचारलं.

आकडा तर मोठ्या फळीवर लागला होता. "तू बघितलं नाहीस?"

तो माझ्या शेजारी बसला. "टेम्पोच्या मागं हुतो. तिकडं तोंड करून. पहिल्यालाबी." मग जरा थांबून म्हणाला, "कान झाकलं हुतं."

आणि मी सबंध चारशे मीटर, तो बघतोय म्हणून पाय दाबून धरला होता. मी त्याला ते तेव्हा सांगितलं नाही. आकडा सांगितला. त्याने तो दोनदा म्हणून बघितला, मग चेहरा दोन्ही हातांनी पुसला. गाडी टेम्पोत चढवल्यावर त्याला दोराची गाठ मारता येईना. मी दोर त्याच्या हातातून घेतला आणि चारी चाकं बांधली.