राबाचे तीन भारे

खोपोलीहून कर्जतच्या त्या नदीकाठी गाडीने जेमतेम तासभर लागतो. तेवढ्यासाठी तंबूत झोपायला जायचं, हे माझ्या बायकोला निघेपर्यंत पटलं नव्हतं.

"अहो, तिथून जवळच कडावला तुमच्या चुलतभावाचं घर आहे. पंखा आहे, संडास आहे. तिथे जायचं सोडून कापडात कशाला झोपायचं?"

पण मुलीची बारावी संपली होती आणि तिने एकच धरून ठेवलं होतं. वर्गातल्या सगळ्या कर्जतला कॅम्पिंग करून आल्या, आणि आपण मूळचे तिथलेच असून मी काही बघितलं नाही. हे 'मूळचे तिथलेच' मला फार आवडलं. जूनमध्ये ती पुण्याला शिकायला जाणार होती. त्याआधी एकदा तिला दिसावं की आपला बाप नुसता कंपनीच्या ऑफिसात बसणारा माणूस नाही, त्याला झाडं कळतात, नदी कळते. पुढे जे झालं त्याची सुरुवात या हौसेतच आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

जागा वनखात्याची आणि चालवायला गावची समिती. नदीच्या वळणावर मोकळं मैदान, त्यात सात-आठ तंबू, मधोमध दगड लावून केलेला शेकोटीचा खड्डा. कुंपण म्हणजे तारेच्या तीन ओळी. त्यापलीकडे लगेच शेतं सुरू. राखणीला गावातलाच पन्नाशीचा माणूस होता. त्याने आम्हाला तंबू दाखवला आणि सांगितलं, "साहेब, लाकडाची एक मोळी मिळंल. जंगलातलं काय तोडू नका, खड्ड्याबाहेर आग करू नका. बाकी निवांत ऱ्हावा."

मला निवांत राहता येत नव्हतं. दुपारभर मी मुलीला घेऊन काठाने फिरलो. हा उंबर, हा करंज, हा ऐन, बघ, याची साल मगरीच्या पाठीसारखी असते. ती फोटो काढत होती आणि मी बोलत सुटलो होतो. बायको एकदा म्हणालीसुद्धा, "जरा तिला स्वतःला बघू द्या की."

दिवस मावळला तशी शेकोटी पेटवली. मोळी ओली होती की मलाच रचता आली नाही, कोण जाणे. धूरच धूर झाला. शेजारच्या तंबूतली मंडळी खोकत उठून गेली. मुलगी हसत म्हणाली, "बाबा, तुम्ही गाववाले ना?"

तारेपलीकडे बांधावर वाळलेल्या पाल्याचे भारे रचून ठेवलेले मी दुपारीच पाहिले होते. पानांसकट तोडलेल्या ऐनाच्या फांद्या, वेलाने बांधलेल्या, वर दगड ठेवलेले. आमच्याकडे याला कवळ म्हणतात. हिवाळ्यात झाडावर चढून ते तोडायचं, वाळवायचं, आणि उन्हाळ्यात भाताच्या रोपांची जागा असते तिथे पसरायचं. त्यावर शेण, गवत, माती घालून सकाळी वारा पडलेला असताना भाजायचं. तो राब. त्या राखेत रोप जोमाने येतं. माझे वडील होते तोवर दर वर्षी मी त्यांच्याबरोबर कवळाचे भारे वाहिले आहेत. मानेला ती पानं कशी टोचतात ते मला अजून आठवतं. तेव्हा, मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

मी तारेखालून गेलो आणि एक भारा उचलून आणला.

"हे चालतं घ्यायला?" मुलीने विचारलं.

"पातेरा आहे गं. पडलेला पाला. कुणाला हवाय?"

वाळलेलं कवळ कसं पेटतं ते बघण्यासारखं असतं. माणसाच्या उंचीचा जाळ उठला, पानं तडतडली, मुलीने टाळ्या वाजवल्या. पण पाच मिनिटांत सगळं बसलं. ती म्हणाली, "अजून एक?" मी दुसरा आणला. मग न विचारताच तिसरा. बांधावर तेवढेच होते.

सकाळी चहा घेताना बांधावरून आवाज आला. साठीच्या पुढची एक बाई, कमरेला विळा, उभी राहून बोलत होती. "कवळ कोनी नेलं रं माझं? तिन्ही भारे गेलं?"

राखणदार तारेपाशी गेला. "काकी, कालपर्यंत हुतं की."

"हुतंच की! आठ दिसांनी राब भाजायचा. आता काय डोकं भाजू?" मग तिचा आवाज एकदम उतरला. "दिरानंच नेलं. दुसरं कोन नेनार? आपनच पोराकडून तोडून द्यायचं नी आपनच उचलून न्यायचं. मला वाटलं, बांधाचं भांडान मिटलं. कसलं मिटतंय!"

राखणदाराने तिला समजावायचा प्रयत्न केला, पण ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. त्यांच्या बोलण्यातून एवढं कळलं की बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं बरीच वर्षं बंद होतं. तिला आता झाडावर चढवत नाही, म्हणून यंदा दिराने आपल्या मुलाला पाठवून कवळ तोडून दिलं होतं. ते भारे म्हणजे त्या दोन घरांचं पहिलं बोलणं होतं.

मी कप धरून उभा होतो. मुलगी माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "बाबा, आपण जाळलं ते?"

"नाही गं. ते वेगळं होतं."

हे मी इतक्या पटकन बोललो की मलाच नवल वाटलं. बाई तरातरा वाडीकडे निघाली. थोड्या वेळाने तिकडून दोन माणसांच्या भांडणाचे आवाज आले. राखणदार आमच्या शेकोटीशी आला, पायाने राख उलटली. लाकडाची राख आणि पाल्याची राख त्याला कळत नसेल असं होणार नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, पोहे झालेत. आनू?"

मी हो म्हटलं आणि पोहे खाल्ले.

घरी आल्यावर माझं कशात लक्ष लागेना. ऑफिसात खुर्चीतून उठायचो, जिन्यापर्यंत जायचो, परत यायचो. जेवताना मुलगी समोर आली की मी ताटाकडे बघायचो. बुधवारी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझं काय जाळलंत?"

शनिवारी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं, बाबा." बस, एवढंच. रविवारी मात्र मी टेंपो ठरवून निघालो तेव्हा ती चपला घालून दारात उभी होती.

कडावला चुलतभावाकडे गेलो. मी कवळ मागितलं तर तो हसायला लागला. "आता आमी खत टाकतो रं, राब कोन भाजतंय? तू काय नोकरी सोडलीस काय?" त्याच्याकडून पेंढा घेतला, वाळलं शेण घेतलं, झाडाखालचा खराखुरा पातेरा मी आणि मुलीने पोत्यात भरला. ऐनाचं वाळलं कवळ मात्र कुठेच मिळालं नाही. आता तोडलं तर ते वाळणार कधी?

तिथून टेंपो नदीकाठच्या त्या वाडीत नेला. बाई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी सांगायला लागलो तर सूप थांबलं.

"शहरातली मान्सं," ती शेवटी म्हणाली, "त्यांना काय कळतंय."

तिने मला सोडून दिलं होतं. मी मान हलवून निघून जाऊ शकत होतो. पण मुलगी बाजूला उभी होती.

"मी कडावचा आहे, मावशी. कवळ आहे हे मला माहीत होतं."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कडावचा? कुनबी?"

"हो."

"आनि तरी जाळलंस?" ती उठली. "चल. मला नको सांगू. तिथं सांग."

दिराचं घर वीस पावलांवर होतं. तो ओट्यावर दोरी वळत बसला होता. बाई अंगणाच्या कडेला थांबली, आत आली नाही. मी सगळं सांगितलं: तीन भारे, शेकोटी, सकाळी मी तिथेच उभा होतो तेही. त्याने दोरी खाली ठेवली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. माझ्या खांद्यावरून तो वहिनीला म्हणाला, "त्यानं चोरलं, ते सोड. तुला मीच कसा दिसलो गं?"

तो उठून घरात गेला.

मी परत येऊन टेंपोतला माल उतरवला. बाईने पेंढा चाचपून बघितला. "हे कवळ नाय. पन भाजंल." मग मुलीकडे वळून म्हणाली, "तुला ठावं हाय का गं, कसं घालत्यात? ये." ती तिला शेतात घेऊन गेली आणि कुठला थर खाली, कुठला वर, माती किती बारीक, ते दाखवू लागली. हेच सगळं दाखवायला मी तिला इथे आणलं होतं. मी बांधावर उभा राहिलो. कुणी मला हाक मारली नाही.

निघताना मी विचारलं, "मावशी, बोलतील का ते आता?"

"तू काय रोज येनार हायस ऐकायला?" ती म्हणाली. "जा. त्याचं आमचं आमी बगू."

परतताना मुलगी पूर्वीसारखी बोलत होती, राबाबद्दलच. पळसदरीच्या आसपास तिने विचारलं, "राबाचा थर केवढा हवा ते तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, विसरलो होतो. हे खरं होतं, आणि तिने लगेच मानलं, पण मानण्याआधी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. पूर्वी ती असं बघत नसे.

श्रावणात मला राहवलं नाही. राखणदाराचा नंबर होता. त्याला वाटलं, बुकिंगसाठी फोन आहे. पावसात बंद असतंय साहेब, म्हणाला. मी आडून आडून त्या दोन घरांचं विचारलं.

"रोप बरं आलं काकीचं. थोडं पिवळं, पन बरं. नि चिखलनीला दीर स्वतः ट्रॅक्टर घेऊन आला व्हता."

"म्हणजे बोलतात?"

"बोलत नाय. ट्रॅक्टर फिरवला, चिखल करून दिला. काकीनं बांधावर चहा आनून ठेवला. त्यानं नाय घेतला. तसाच घरी गेला."

"आणि चहा?"

"तिथंच व्हता, साहेब. पाऊस पडला त्यात."