मागच्या रांगेतली मान

थिएटरात सिनेमा चालवणाऱ्या ऑपरेटरला ऐकू येईनासं झालं होतं, आणि ही गोष्ट त्याने सगळ्या जगापासून, म्हणजे मुख्यतः बायकोपासून, लपवली होती. भिंतीलाही कान असतात म्हणतात. याचेच तेवढे गेले. थिएटरच्या मागच्या दोन खोल्या नोकरीबरोबर मिळालेल्या, नोकरी गेली की त्याही जाणार. मालक येता-जाता बजावायचा, "हॉलमध्ये एकदा आरडाओरडा झाला ना, की नवा माणूस बघणार मी." म्हणून ऑपरेटर ताकास तूर लागू देत नव्हता. केबिनमधला छोटा स्पीकर बिघडला, तो त्याने मुद्दामच दुरुस्त केला नाही. आपण आवाज केवढा मोठा लावतो ते कुणाला कळायला नको.

त्याचं काम डोळ्यांवर चालायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका उमटतो. तो दिसला की दुसरं मशीन सुरू. बाकी सगळी भिस्त प्रेक्षकांच्या मानांवर. काही बिघडलं की लोक मागे वळून केबिनकडे बघतात आणि शिट्ट्या मारतात. तो भिंतीतल्या चौकोनी भोकातून त्या माना बघत बसायचा. कुणी शेजाऱ्याशी बोलायला मान वळवली तरी हा उठून मशीन तपासायचा.

त्या आठवड्यात मालकाने एक जुना उर्दू सिनेमा आणला. नवाबाची मुलगी, तिच्यावर जीव टाकणारा गरीब शायर आणि ढीगभर गाणी. लग्न ठरल्यावर ऑपरेटर आणि त्याची बायको हाच सिनेमा बघायला गेले होते. तिने अडलेल्या शब्दांचे अर्थ विचारले, याने बेधडक ठोकून दिले. त्यातले निम्मे चुकीचे होते, हे ती अजून सुनावते. आताही दुपारच्या खेळाला ती शेवटच्या रांगेत येऊन बसली होती.

नायिका खिडकीशी उभी राहून विरहाचं गाणं म्हणते, तो प्रसंग आला. ते गाणं ऑपरेटरच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की बाहेरून यायचं ते कधी थांबलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तिचे ओठ हलले, याच्या डोक्यात सूर लागला. सगळ्या माना सरळ. त्याला हायसं वाटलं.

मग एकच मान वळली. बायकोची.

ती थेट भोकाकडे बघत होती. तिने स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि 'नाही' असा हात हलवला.

त्याचं धाबं दणाणलं. फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी असते, तिच्यावर उजेड टाकणारा बारका दिवा झाकणाआड विझला होता. म्हणजे हॉलमध्ये आवाजच नव्हता! त्याने घाईघाईने दिवा बदलला, बोटं भाजून घेतली. शेवटच्या कडव्याला दिवा लागला आणि त्याच क्षणी सगळा हॉल मागे वळला. संपलं, असं म्हणून त्याने भोकाकडे पाठ केली. आता खोल्या सोडायच्या, आणि जायचं कुठे?

मध्यंतरात मालक वर आला. त्याचे ओठ भराभर हलत होते; हसतोय की दात खातोय, कळेना. त्याच्या मागोमाग बायको आली. ती नवऱ्याच्या अगदी समोर उभी राहिली आणि मालकाला कौतुकच वाटावं अशा थाटात सावकाश, मोठ्याने बोलली.

"अहो, मालक शाबास म्हणतायत. तुम्ही आवाज बंद केलात आणि अख्खा हॉल स्वतःच गायला लागला. लोक वळले ते टाळ्या वाजवायला. आता प्रत्येक खेळाला असंच करायचंय म्हणे."

मालक त्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेला.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारलं.

"माझं बोलणं मुकाट्याने ऐकून घ्यायला लागलात ना, तेव्हापासून."

त्याला हसू आलं आणि लगेच घामही फुटला. "अगं, पण आता आवाज गेला तरी लोक गातच बसतील. मला कळणार कसं?"

"मी वळेन ना."

दुसऱ्या दुपारी त्याने स्वतःच्या हाताने आवाज बंद केला. शेकडो माना गाण्यावर डोलू लागल्या. त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. भोकाला डोळा लावून तो शेवटच्या रांगेतली ती एक मान बघत राहिला. नोकरीची भीती गेली होती, पण ती आपली जागा दुसऱ्या भीतीला देऊन गेली होती. ती खुर्ची एखाद्या दिवशी रिकामी असली तर?